दादाच्या हाताचं माप

मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये एकच नियम होता: माणूस बसल्याशिवाय बोटीला भोक पाडायचं नाही. गळाची काठी उभी धरणारा होल्डर म्हणजे दिसायला नुसती तिरकी नळी. पण ती चार बोटं इकडची तिकडे झाली की वल्हं तिच्यावर आपटतं, नाहीतर काठी घ्यायला माणसाला अख्खं वळावं लागतं. म्हणून आधी गिऱ्हाइकाला कायाकमध्ये, म्हणजे त्या एका माणसाच्या अरुंद बोटीत, बसवायचं, हातात वल्हं द्यायचं, हवेतच वल्हवायला लावायचं, आणि हात सहज पोचेल तिथे पेन्सिलीची खूण करायची. गिऱ्हाइकं लाजायची. मिस्त्री म्हणायचा, "लाजा, पण बसा."

हा नियम मोडला तो त्यानेच.

कायाक त्याच्या मोठ्या भावाची. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. गुडघ्यांत काठी धरून तळ्यात बसला होता, माशाने हिसका दिला, काठी निसटली, ती धरायला दादा झुकला आणि कायाक उलटली. काठावरच्या एकाने हे पाहिलं. दादा दुसऱ्या दिवशी सापडला. कायाक मात्र त्याच संध्याकाळी आपली आपण काठाला लागली होती.

तेव्हा वहिनींनी एकदाच विचारलं होतं, "भाऊजी, होल्डर बसवून घ्यायचं तुमच्याशी कधी बोलले होते का हो?" मिस्त्रीने नाही म्हणून मान हलवली होती.

साफ खोटं. दादा दोन होल्डर आणून देऊन, माप देऊन गेला होता. पुढे दोन महिने मिस्त्रीचं आज बसवतो, उद्या बसवतो चालू राहिलं. घरचंच गिऱ्हाईक, त्याला कसली घाई!

आता वहिनी वल्हवायला शिकल्या होत्या आणि त्यांनी तीच कायाक पाठवून दिली होती. "ते बसायचे तिथून पाणी कसं दिसतं ते मला बघायचंय," त्या फोनवर म्हणाल्या. "होल्डर बसवा. मापाला मी दुपारी येते."

मिस्त्रीने कायाक दोन टायरांवर ठेवली आणि काम तिथेच अडलं. पाठ वळवली की सीट कुरकुरायची, जड माणूस सावरून बसल्यासारखी. वळून बघावं तर काही नाही. त्याने सीटवर गोणपाट टाकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर ते मधोमध दबलेलं. "ओल्या गोणपाटाचं असंच होतं," तो मोठ्यांदा म्हणाला. गोणपाट कोरडं ठणठणीत होतं.

घाबरला होता तो, उगाच कशाला लपवायचं? वहिनी त्या जागी बसणार आणि आपण माप घेणार, हे त्याला नको होतं. त्यापेक्षा त्या यायच्या आत उरकून टाकू, म्हणून त्याने ड्रिल उचललं. ना टेप लावली, ना पेन्सिल. हात आपसूक जागेवर गेला. भोक पडताच बोटीच्या बंद पोटातून गार हवा आली, तळ्याच्या वासाची. मिस्त्रीने श्वास रोखून दोन्ही नळ्या बसवल्या आणि स्क्रू पिळले.

वहिनी आल्या त्या बघतच राहिल्या. "अहो, माप न घेताच? तुमचा नियम कुठे गेला?"

"अंदाज आहे मला," मिस्त्री पुटपुटला.

गोणपाट बाजूला सारून त्या बसल्या. वल्हं फिरवून पाहिलं, कुठे लागलं नाही. मग नळीकडे हात नेला. वीतभर कमी पडला. त्या आणखी झुकल्या, टायर सरकला, कायाक कलंडली, आणि मिस्त्रीने झेप घेऊन त्यांचा दंड पकडला.

"दादा!" तो ओरडला.

तोंडातून निघून गेलं ते. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग नळीकडे.

"हे त्यांच्या हाताचं माप आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "वीस वर्षं त्यांच्या शर्टांच्या बाह्या शिवल्यात मी. कधी घेतलंत?"

मग मिस्त्रीच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. फळीवर पडून राहिलेले होल्डर, दोन महिने, ती खोटी मान. "तासाभराचं काम होतं, वहिनी. माझ्यामुळे गेला तो."

वहिनी शिव्या देतील असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते इथे आले होते? या सीटवर बसले होते?"

"हो. दुपारभर होता."

"दुपारभर," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला. "वर्षभर मी त्याच त्याच आठवणी उगाळतेय, भाऊजी. नवीन काही मिळायचं नाही म्हणून. आणि तुमच्याकडे त्यांची एक अख्खी दुपार होती! होल्डरचं तुमचं तुम्ही बघा, ती माफी देणारी मी कोण? पण ती दुपार माझी होती."

मिस्त्रीला रडू आवरेना. तो वळून आत जायला लागला.

"कुठे निघालात? बसा खाली. दारातून आले तिथपासून सांगा."

तो तिथेच जमिनीवर बसला. नाक पुसलं. "रविवार होता. जेवून आला होता, म्हणाला, आज जरा जास्तच—"

"काय जेवले ते माहितीये मला, मीच वाढलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पुढे सांगा."