चौदा नंबरच्या गोटीवर आळ

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. जवळ आलात की तुम्ही आधी माझ्या तोंडात डोकावणार, मग मला कानाशी धरून हलवणार आणि मग एकमेकांकडे बघून डोळे मिचकावणार, हे मला पाठ आहे. आजवर ज्याने ज्याने मला हात लावला, त्याने आधी माझ्यावर संशय घेतला. तेव्हा मीही आता कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

मी सोडतीचा एक जुना लाकडी गोळा आहे. आमच्या आर्जेन्टिनात मला बोलिशेरो म्हणतात. कलिंगडाएवढं पोकळ पोट, ते दोन खांबांमध्ये टांगलेलं, बाजूला एक दांडा आणि एका वेळी एकच गोटी पडेल एवढं बारीक तोंड. पोटात लाकडी गोट्या, प्रत्येकीवर एक आकडा. दांडा फिरवायचा, थांबवायचा, गोटी पडते. बस्स, एवढंच माझं काम. यात कारस्थानाला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा.

एव्हारिस्तो नावाच्या सुताराने मला घडवलं ते चर्चच्या हॉलमधल्या सोडतीसाठी. बक्षीस म्हणजे एखादी कोंबडी, नाहीतर केक. जिला कोंबडी मिळे ती माझा मुका घेई. बाकीच्या बायका माझ्याकडे असं बघत, की जणू त्यांच्या खुराड्यातली कोंबडी मीच पळवली. एकदा एव्हारिस्तोच्या मेहुणीला लागोपाठ दोन कोंबड्या लागल्या आणि साऱ्या आळीने ठरवलं, याचा आस वाकडा आहे. एव्हारिस्तोने भर हॉलात मला खोललं, एक डोळा मिटून आस न्याहाळला आणि म्हणाला, "सरळ आहे." पण ते म्हणण्याआधी तो जरासा थांबला होता. त्याचं ते थांबणं माझ्या मनातून अजून जात नाही. सगळेच बोट दाखवतात म्हटल्यावर वाटतं, असेल बाबा आपल्यातच काहीतरी खोट.

पुढे चर्चमध्ये विजेचं यंत्र आलं आणि मला कोणीतरी सांता फे शहरातल्या कायद्याच्या कॉलेजला देऊन टाकलं. तिथे परीक्षा तोंडी. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक भागाला एक आकडा. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मला फिरवायचं, दोन गोट्या पाडायच्या, थोडा वेळ विचार करायचा, दोहोंतली कुठली आधी ते ठरवायचं आणि समोर बसलेल्या प्राध्यापकांना सांगत सुटायचं. कोंबडीच्या जागी आता पोरांचं वर्ष पणाला लागलं. संशयही त्याच मापाने वाढला. कोणी म्हणे, अवघड गोट्या जड लाकडाच्या आहेत. कोणी म्हणे, मुख्य परीक्षक डॉक्टर बासुआल्दो बाई अवघड गोट्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवतात, म्हणजे गारठलेल्या गोट्या आधी बाहेर पडतात. कोणी मला डाव्या हाताने फिरवी. एक पठ्ठ्या तर पहिल्या परीक्षेला घातलेला सदरा न धुता प्रत्येक परीक्षेला घालून येई. तो आला की खिडक्या उघडाव्या लागत.

कौतुकही झालं, नाही असं नाही. इथे पदवी पूर्ण झाली की दोस्तमंडळी फाटकापाशी अंडी फोडतात, पीठ ओततात. असाच एक माखलेला मुलगा धावत आत आला आणि मला त्याने घट्ट मिठी मारली. पीठ माझ्या पोटात गेलं, गोट्या चिकटल्या, आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा बोंब, की गोळ्यात गडबड आहे. प्रेमाचाही असा ताप.

परीक्षा नसे तेव्हा मी नेलिदाच्या खोलीत कपाटावर असे. नेलिदा म्हणजे कॉलेजची शिपाईण, पोरं तिला मानाने दोन्या नेलिदा म्हणत. नावं पुकारायची, परीक्षकांना कॉफी न्यायची, आणि रडणाऱ्याला पाणी द्यायचं, ही तिची कामं. ती मला फडक्याने फार निगुतीने पुसायची. कितीतरी वर्षं मला वाटे, एवढं पुसते म्हणजे हिच्या मनात काहीतरी असणार.

आणि मग सेलेस्ते आली.

लांब उत्तरेकडच्या गावातली मुलगी. काडीसारखी बारीक, नखं कुरतडलेली. मालमत्तेच्या कायद्याची परीक्षा तिने तीनदा टाळली होती. अभ्यास नव्हता म्हणून नाही, मित्रांनो. ती दाराबाहेर रांगेत बसे, तोंडाने सगळं घडाघडा म्हणे, आणि तिचं नाव जवळ आलं की उठून निघून जाई. तिला खात्री होती, की मी तिच्यासाठी चौदा नंबर राखून ठेवला आहे. चौदा म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याचा हक्क. एका मैत्रिणीची त्या चौदावर दांडी उडाली होती, तेव्हापासून हिच्या डोक्यात ते बसलं. मग चौदा येणारच. आली की आठवणार नाही. आठवलं नाही की बासुआल्दो बाई हसणार. हसल्या की गावभर होणार. एका गोटीवर तिने असे मजल्यावर मजले चढवले होते. मैत्रिणी "काळजी करू नकोस" म्हणाल्या, तर त्या आतून खूश आहेत असा तिला वहीम. आईने फोनवर अभ्यासाचं विचारलं नाही, तर आईने आशा सोडली. विचारलं, तर आईला संशय आला.

त्या फेब्रुवारीत ती परीक्षेला बसली नाही, तर तो विषय वर्षभर पहिल्यापासून करायचा होता. आणि तसं झालं तर खोली सोडून गावी परतायचं, कॉलेज संपलं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. हे मला कळलं ते असं.

परीक्षेच्या आदल्या दुपारची गोष्ट. आमच्याकडे फेब्रुवारीत भर उन्हाळा, उकाड्याने कॉलेज ओस पडलं होतं. नेलिदा जेवायला गेली होती. सेलेस्ते खोलीत शिरली, दार ओढून घेतलं आणि स्टुलावर चढून मला खाली काढलं. मी म्हटलं, झालं, चोरटी आली. ती मला फिरवू लागली. गोटी पडली की बघे, परत टाके, पुन्हा फिरवी. सगळे आकडे आले, काही तर फिरून फिरून आले, पण चौदा येईना. माझा इलाज नव्हता, मित्रांनो. पण तिचा चेहरा मात्र उतरतच गेला. शेवटी तिने मला उलटं केलं, सगळ्या गोट्या टेबलावर ओतल्या, चौदा नंबरची शोधली आणि मुठीत धरून तिचं वजन अजमावू लागली. तेवढ्यात दार उघडलं.

परीक्षेआधी माझ्या पोटातली गोटी मुठीत घेऊन कोणी सापडलं, तर त्याचं नाव वरपर्यंत जातं आणि परीक्षा हातची जाते. नेलिदाने दार लावून घेतलं.

"मूठ उघड."

सेलेस्तेने उघडली. मग रडत रडत तिने सगळं सांगितलं, गावी परतायचं ठरवल्याचंही. चोरायची नव्हती, फक्त बघायची होती, म्हणाली. नेलिदाने तिच्या हातातली गोटी घेऊन टेबलावर ठेवली. तिचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. मग तिने खुर्ची ओढली.

"मग? आली का चौदा?"

"एकदाही नाही, दोन्या नेलिदा. म्हणूनच तर. उद्यासाठी राखून ठेवलीय त्याने."

"आणि आली असती, तर?"

सेलेस्तेने नाक पुसलं. "तर म्हटलं असतं, बघा, हिची सवयच आहे यायची."

"म्हणजे आली तरी खोटी, नाही आली तरी खोटी," नेलिदा म्हणाली. "पोरी, असल्या कोर्टात तर माझी सासूसुद्धा फासावर जाईल. आणि ती निर्दोष नाहीये, हे मी आधीच सांगून ठेवते."

सेलेस्तेला रडता रडता हसू फुटलं. नेलिदाने येरबाचा कडू चहा केला आणि म्हणाली, आता ही तुझी चौदा एकदा मला समजव. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सासू रोज माझ्या अंगणातून तिच्या घरी जाते, माझी टोमॅटोची रोपं तुडवत. तिला तसा हक्क आहे का? सेलेस्ते आधी पुस्तकातलं बोलू लागली. नेलिदाने जांभई दिली. मग सेलेस्तेने विचारलं, त्यांना दुसरी वाट आहे का? आहे, पण तिथे ऊन लागतं म्हणते, नेलिदा म्हणाली. मग हक्क कसला, ती तुमची मेहेरबानी झाली. मी फाटक लावलं, तर? अशा दोघी भांडल्यासारख्या बोलत राहिल्या. चहा गार झाला, आणि चौदा नंबरची गोटी टेबलावर बशीशेजारी पडून होती, तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. जाताना नेलिदाने गोट्या मोजून माझ्या पोटात भरल्या. विश्वास ठेवला, पण मोजल्या. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी नाव पुकारलं आणि सेलेस्ते आत आली. तिने माझा दांडा दोन्ही हातांनी धरून फिरवला. तीन आणि नऊ पडल्या. दोन्ही सोप्या. तुम्ही म्हणाल, सुटली. मलाही तसंच वाटलं. तिने नऊ निवडली, म्हणजे दोन घरांमधली सामाईक भिंत, विचाराचा वेळ संपला आणि तिने तोंड उघडलं. शब्द येईना. सगळी फौज तिने चौदाच्या दारात उभी केली होती. या दारावर कोणीच नव्हतं. दुसऱ्या परीक्षकाने घड्याळ बघितलं. सेलेस्तेने खुर्ची मागे सरकवली. ते सरकणं मी ओळखत होतो. तशी सरकवलेली खुर्ची रिकामीच होते.

पण ती उठली नाही. खुर्चीच्या कडेला धरून म्हणाली, "डॉक्टर, मला भीती वाटतेय. मला हे येतं, पण आत्ता सापडत नाहीये. थोडा वेळ मिळेल?"

डॉक्टर बासुआल्दो चष्म्यावरून बघत राहिल्या. त्या हसतील याची सेलेस्ते वाट पाहत होती. मीही.

"माझी कॉफी गार झालीय," त्या म्हणाल्या. "दुसरी येईपर्यंत बसा."

कॉफी घेऊन नेलिदा आली. बोलायची तिला मुभाच नव्हती. कप ठेवून ती ट्रे पोटाशी धरून दारापाशी उभी राहिली. सेलेस्तेने तिच्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात सुरुवात केली, "समजा, दोन शेजारणी आहेत. भिंत एकच, आणि एकीला ती उंच करायचीय..." पहिली दोन वाक्यं अडखळली. तिसऱ्याला ती सरळ बसली.

पास व्हायला दहापैकी चार गुण लागतात. तिला चारच मिळाले. सुरुवातीला हरवलात त्याचे गेले, पुढचं नीट होतं, एवढंच बासुआल्दो बाई म्हणाल्या. बाहेर येताच सेलेस्तेच्या मनात पुन्हा किडा वळवळला. मला खोलीत नेताना नेलिदाच्या मागे मागे येत ती म्हणाली, "दया आली असेल त्यांना."

"त्या बाईला? तिने सख्ख्या भाच्याला दोनदा नापास केलंय."

सेलेस्ते दाराशीच थांबली, फोन काढला आणि आईला लावला.

"आई, मी बसले," ती म्हणाली. "नाही, पळाले नाही. शेवटपर्यंत बसले." पलीकडून आईने काहीतरी विचारलं असावं. "हो, पासही झाले."

आता मी कपाटावरच असतो. आकडा काढायचं काम हल्ली फोनच करतो, आणि पोरं फोनवर संशय घेतात. माझ्या अंगावर येरबाची पाकिटं रचलेली असतात. तक्रार नाही, फक्त ती अधूनमधून झाडा.

पण मित्रांनो, जन्मभर संशयात राहिलेल्याचं एवढं ऐका. मनात भीती आली, की तिला हुसकून लावू नका, पण ती सांगेल ते वेदवाक्यही मानू नका. तिला विचारा, काय घडलं तर तू खोटी ठरशील? काहीच नाही म्हणाली, तर ओळखा, की ती साक्षीदार नाही, नुसती बडबडी आहे. मग तिला डोक्यात कोंडून ठेवू नका. ज्याला तुमच्या पुस्तकातलं काही कळत नाही अशा एखाद्या माणसासमोर तिला मोठ्याने बोलायला लावा. आणि पाय निघालेच पळायला, तर पळण्याआधी समोरच्याला सांगून बघा, की मी घाबरलोय. माझ्या पोटात कोणाचं नशीब नव्हतं, मित्रांनो. नुसत्या गोट्या होत्या.

अर्थात, हे मी सांगतोय म्हणून लगेच खरं मानू नका. आज घरी कोणाशी तरी बोलून खात्री करून घ्या.