एकतीस सेकंदांचं कौतुक

आमच्या शाल्मलीचं पहिलं गाणं येतंय, हे मी तीन दिवस इथल्या मराठी मंडळात कुणालाच सांगितलं नाही. गाणं कँटोनीजमध्ये होतं. मराठी मुलगी, ग्लासगोत वाढलेली, हाँगकाँगच्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत पॉप गाणार, हे वाक्य सुरू कुठून करायचं तेच मला कळेना. गेली चार वर्षं मी "ती मीडियात आहे" एवढ्यावर भागवत होते. लोकही समजूतदार, पुढे विचारत नसत.

खरं तर यात नवल काही नाही. मी भूलतज्ज्ञ, श्रीनिवास सर्जन. आमच्या ड्यूट्यांमध्ये पोर सांभाळली ती शेजारच्या, हाँगकाँगहून आलेल्या मिसेस लाउंनी. नऊ महिन्यांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत शाल्मली त्यांच्याकडेच जेवली, झोपली, भांडली आणि गायली. तिचं कँटोनीज अस्खलित आहे. मराठीत ती अजून "माझा आई" म्हणते. मंडळात मात्र मी "तिला भाषांची उपजतच आवड" असं सांगते.

हाँगकाँगच्या एका लहानशा कंपनीने तिच्याशी करार केला होता. गाण्यांच्या अ‍ॅपवर नवोदितांची यादी असते. पहिल्या आठवड्यात गाणं तिथे पहिल्या पन्नासात आलं तर दुसरं गाणं करायचं, नाहीतर राम राम. फोनवर हे सांगताना तिचा आवाज कापत होता. मी तो ओळखते, ऑपरेशनच्या आधी पेशंट असंच बोलतात. लाजबीज गेली खड्ड्यात, म्हटलं, आता मंडळाला कामाला लावायचं.

मंडळाची अध्यक्ष देवयानी माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. तिने सगळं ऐकून घेतलं. "सुनीती, आपली मुलगी आहे ती. कुठल्याही भाषेत गाऊ दे, नंबर आला पाहिजे."

रविवारी गाणं आलं आणि त्याच दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग भरली. बँकेत आयटीत असलेल्या क्षितिजने नियम समजावून सांगितला. "काकू, थर्टी सेकंद्स झाले की एक प्ले काउंट होतो. पुढचं ऐकणं इज बेसिकली वेस्ट. एकतीसला थांबवायचं, परत सुरू करायचं. मी सगळ्यांना सेटिंग पाठवतो, फोन आपोआप करेल."

मग आम्ही रोटा केला, म्हणजे कुणाची पाळी कधी त्याचा तक्ता. मंडळात निम्मे डॉक्टर, त्यामुळे रोटा हा आमचा हातखंडा. एकशे दहा घरांतले जुने फोन, जुने आयपॅड बाहेर निघाले. कुणी देवघराशेजारी लावला, कुणी हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये, कुणी वॉशिंग मशीनवर. आवाज अर्थातच बंद, कारण घरात माणसं असतात आणि क्लिनिकमध्ये पेशंट. एका काकांनी चुकून आवाज चालू ठेवला आणि "चाल गोड आहे, पण थोडी चायनीज वाटते" असा अभिप्राय ग्रुपवर टाकला. त्याला सत्तावीस अंगठे आले.

तिसऱ्या दिवशी गाणं एकोणिसावं. देवयानीने पुण्याहून शाल मागवली, सत्काराची तारीख आणि अळूवडी पक्की केली.

श्रीनिवास म्हणाला, "एकदा पूर्ण ऐकूया का गं?"

"आठवडा संपू दे," मी म्हटलं. "तेवढ्यात सात प्ले होतात."

तो चहा ठेवायला उठला. तीस वर्षांच्या संसारात माघार घेण्याची कला त्याला उत्तम साधली आहे.

शाल्मलीचा रोज फोन यायचा. "आई, ऐकलास?"

"दिवसाला हजार वेळा."

"आणि?"

"आणि काय, एकोणिसावा नंबर. उद्या बघ, बारावा."

त्यावर ती नुसतं "ओके" म्हणायची. मला वाटायचं, दमली असेल.

सहाव्या दिवशी सकाळी गाणं अ‍ॅपवर दिसेना. दुपारी शाल्मलीने कंपनीचा मेल मला पाठवला. नव्वद टक्के प्ले एकाच शहरातून आले होते, आणि प्रत्येक प्ले बरोबर एकतीस सेकंदांचा. गाणं बनावट मार्गाने वर चढवलं आहे असं ठरवून अ‍ॅपने ते काढून टाकलं होतं, आणि कंपनीने करार संपवला होता.

मंडळात संतापाची लाट उसळली. देवयानीच्या मते हा सरळसरळ भेदभाव होता. क्षितिज म्हणाला, "सॉरी काकू, कधी थर्टी-फोर, कधी फॉर्टी, असं रँडम ठेवायला हवं होतं." सत्कार मात्र रद्द झाला नाही, कारण अळूच्या पानांची ऑर्डर गेली होती.

मी फोन बंद करून घरात बसले. आयुष्यभर मी भूल दिलेल्या माणसांच्या उशाशी डोळ्यांत तेल घालून बसले, एकालाही काही होऊ दिलं नाही. आणि पोटच्या मुलीचं गाणं शंभर घरांच्या मदतीने मारून टाकलं. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

शनिवारी दुपारी शाल्मली ट्रेनने घरी आली. माफीची वाक्यं मी पाठ करून ठेवली होती, पण ती चिडलेली नव्हती. किचनमध्ये बसली आणि फोन टेबलावर ठेवला. "माझ्याकडे फाइल आहे. आता तरी ऐक, आई. फुल."

सुरुवातीचे एकतीस सेकंद मला पाठ होते, म्हणजे स्क्रीनवर पुढे सरकणारी रेघ पाठ होती. तिथे नुसता पियानो होता आणि तिचं गुणगुणणं. मग शब्द सुरू झाले. त्यातला "पोपो" एवढा एकच मला कळला, मिसेस लाउंना ती आजी म्हणून तशी हाक मारायची. मग पियानो थांबला आणि एक बाई घाईघाईने मराठीत बोलू लागली. मागे ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट होता.

"शाल्मली, आई बोलतेय. आजही उशीर होईल गं. पोपोंकडेच जेवून घे. बाहेर जाताना कान झाक, वारा आहे."

मिसेस लाउंच्या आन्सरिंग मशीनवर मी असे किती निरोप ठेवले असतील, मोजदाद नाही. त्यांनी ती टेप जपून ठेवली होती, हे मला आत्ता कळत होतं. पुढे शाल्मली तेच शब्द गात राहिली, मराठीत, शेवटपर्यंत.

गाणं संपलं. 

"मी रोज विचारत होते, आई," ती म्हणाली. "तू फक्त नंबर सांगायचीस. मला वाटला, ते ऐकून तुला राग आलाय."