भिंतीवरचे मालक

"भिंतीवरचं सामान आत नेता येणार नाही," सभागृहाच्या दारावरचा रखवालदार पुन्हा एकदा म्हणाला.

"सामान नाही हो, शेअर आहे शेअर!" भोंगा ओरडला.

त्याला भोंगा म्हणायचे, कारण खाणीचा भोंगा वाजवण्याचं काम त्याच्याकडे होतं. निवृत्त झाला तेव्हा भोंगा खाणीतच राहिला, आवाज तेवढा तो घरी घेऊन आला. त्याच्या काखेत काचेची एक चौकट होती, आत शेअरचा कागद. मागे सुताराच्या हातात चौकट, त्याच्या सुनेच्या हातात चौकट. अख्खी कॉलनी घरातल्या भिंती उघड्या करून रांगेत उभी होती. कुणी चौकट टॉवेलात गुंडाळली होती, कुणी उशीच्या अभ्र्यात घातली होती. सगळे अगदी ठेवणीतले कपडे घालून आले होते. का नाही येणार? आज मालकांची सभा होती आणि ते मालक होते.

खाण तांब्याची. एका बड्या कंपनीला ती विकत हवी होती. एका शेअरला जो भाव तिने देऊ केला होता, तो ऐकून कॉलनी आधी पोट धरून हसली आणि मग भडकली. "एवढ्यात चपलेचा एक पाय येईल," भोंग्याची बायको म्हणाली होती, "दुसऱ्या पायाचं काय करायचं ते त्यांनीच सांगावं." पण हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हती. शंभरातली पंचाहत्तर मतं ठरावाच्या बाजूने पडली, की सगळ्यांचेच शेअर त्या भावात जाणार होते, कुणाची इच्छा असो वा नसो. संचालक मंडळी विकायला टपलेलीच होती; अडवायचं तर कॉलनीच्याच मतांनी.

रांगेच्या शेवटी सिस्टर उभ्या होत्या. खाणीच्या दवाखान्यात त्यांचा सगळा जन्म गेला. रांगेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी टाके घातले होते आणि उरलेल्यांच्या जन्माला त्या हजर होत्या. या सगळ्या चौकटीही त्यांनीच दिलेल्या. कॉलनीत लग्न झालं, मूल झालं, कुणी निवृत्त झालं, की सिस्टर एक शेअर चौकटीत बसवून घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, आजपासून तुम्ही मालक!"

टेबलामागच्या कारकुनाने भोंग्याची चौकट हातात घेतली, काचेतून कागद वाचला आणि परत केली.

"हा शेअर तुमचा नाही. नाव दुसऱ्याचं आहे."

"ते देणाऱ्याचं नाव आहे!" भोंगा म्हणाला. "भेटीच्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसतं का?"

कारकुनाने पुढची चौकट पाहिली, मग त्याच्या पुढची. सगळीकडे एकच नाव, सिस्टरचं. इतकी वर्षं ते नाव सगळ्यांच्या भिंतीवर होतं. रोज त्याच्याखाली बसून लोक जेवत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, वा, सिस्टरनी किती हौसेने नाव घालून दिलंय.

"शेअर दिला की नाव बदलून घ्यावं लागतं," कारकून म्हणाला. "कुणीच बदललेलं नाही. कागदोपत्री हे सगळे शेअर या बाईंचे. मत त्या एकट्या देतील. बाकीच्यांना आत जाता येणार नाही."

रांगेतल्या लोकांनी आपापल्या चौकटीतलं नाव पुन्हा वाचलं. मग भोंगा खो खो हसला. "म्हणजे सिस्टर, चौकट आम्हाला दिलीत आणि आतला कागद ठेवून घेतलात!"

त्याच्या मनात काही नव्हतं, पण सिस्टरच्या काळजाला ते लागलं. त्यांनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं, आणि आता अख्ख्या कॉलनीला रिकाम्या चौकटी वाटल्यासारखं झालं होतं. कान तापले. पदराने घाम पुसत त्या म्हणाल्या, "अरे, मला तरी कुठे ठाऊक होतं! मला वाटलं, दिलं की झालं."

मुळात हे शेअर त्यांच्याकडे आले कसे, तेही सांगायला हवं. एका वाईट वर्षी कंपनीकडे बोनसला पैसे नव्हते, म्हणून तिने कामगारांच्या हाती शेअर ठेवले. तेव्हा त्यांना रद्दीचा भाव होता. पुढे कुणाच्या घरी आजारपण आलं आणि औषधाला पैसे कमी पडले, की सिस्टर त्याचे दोनचार शेअर विकत घ्यायच्या. उसने देते म्हटलं की माणूस मान खाली घालतो, विकत घेते म्हटलं की ताठ उभा राहतो, हे त्यांना दवाखान्यात कळलं होतं. असं करता करता कॉलनीतले सगळेच शेअर त्यांच्या नावावर झाले. तेच शेअर मग चौकटीत बसून ज्याच्या त्याच्या घरी परत गेले.

त्यांच्या नवऱ्याला हा व्यवहार मुळीच पटला नव्हता. तो खाणीत पंपमिस्त्री होता, पण कॉलनी त्याला वकील म्हणायची. बायको हो म्हणाली की हा नाही म्हणणार, ती नाही म्हणाली की हा लगेच हो. "आपणच विकत घ्यायचे आणि आपणच फुकट वाटायचे," तो म्हणायचा, "वर चौकटीचा खर्च!" त्याच्या निवृत्तीला सिस्टरनी त्यालाही एक शेअर दिला, तेव्हा म्हणाला, "घरचाच माल घरातच भेट? बरंय!" गेल्या वर्षी तो गेला, आणि घरात वाद घालायला कुणी उरलं नाही.

"आई, जरा बाजूला या," जावई हळूच म्हणाला. तो मुलीला घेऊन रांगेत आला होता. त्यांच्या लग्नातली चौकट मुलीच्या हातात होती. "आता बोलू नये, पण कायद्याने सगळे शेअर तुमचेच आहेत. भाव कमी आहे, मान्य. पण सगळे मिळून विकले तर तुमच्या घरावर नवं छप्पर येईल. कुणाचा बाप बोलू शकत नाही."

"जावईबापू," सिस्टर म्हणाल्या, "छप्पर येईल हो. पण त्याच्याखाली बसायला कोण येईल?" आणि त्या आत गेल्या.

सभागृहात पंखे मंद फिरत होते. व्यासपीठावर अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी कंपनीचे सचिव. संचालकांनी आपली मतं आधीच टाकली होती. सचिवांनी मतपत्रिका पुढे केली. "मॅडम, सगळ्या शेअरांची मिळून ही एकच. 'विका' किंवा 'ठेवा' लिहा आणि सही करा."

"एकच कशी?" सिस्टर म्हणाल्या. "मी विचारल्याशिवाय कशी लिहू? मला शेअरागणिक वेगळी चिठ्ठी द्या. मतं वाटून देता येतात ना?"

"देता येतात," सचिव नाखुशीने म्हणाले. "पण विचारणार कुणाला? तुम्हीच मालक आहात."

सिस्टरनी सभागृहाची खिडकी धाडकन उघडली. बाहेर सगळी कॉलनी चौकटी छातीशी धरून उभी होती. मग दवाखान्याच्या खिडकीतून पुकारा व्हायचा, तसाच पुकारा झाला.

"रांगेत या! ढकलाढकली नको! पहिला कोण?"

"भोंगा!"

"ते ऐकू येतंय. विकायचा की ठेवायचा?"

"ठेवा!" तो असा ओरडला की अध्यक्षांच्या हातातलं पाणी सांडलं.

"पुढचा!"

"ठेवा, सिस्टर!"

"पुढचा! तुझी शुगर कशी आहे?"

"बरी आहे. ठेवा!"

"पुढची! बाळाला कडेवर नीट घे. बोल."

"ठेवा! बाळाचाही ठेवा!"

खिडकीबाहेर नुसती जत्रा झाली. प्रत्येक 'ठेवा'ला टाळ्या पडत होत्या. चपलेच्या एका पायाचा विनोद पुन्हा पुन्हा होत होता आणि दर वेळी लोक नव्याने हसत होते. ज्या खाणीने जन्मभर यांना वर या, खाली जा, एवढंच सांगितलं, तिचं काय करायचं ते आज हे लोक तिला सांगत होते. जेवणाची वेळ झाली म्हणून अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. सिस्टरनी चष्म्यावरून असं पाहिलं की इंजेक्शनच्या आठवणीने माणूस गप्प बसावा, आणि ते गप्प बसले.

मुलगी आणि जावई पुढे आले.

"ठेव, आई," मुलगी म्हणाली.

"विका," जावई म्हणाला.

बाहेर एकच गलका उठला. "गप्प!" सिस्टर कडाडल्या. "त्यांचाही शेअर आहे तो. तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा."

दोघं कुजबुजली. मग मुलगी हसू दाबत म्हणाली, "यांचंच लिही आई. घरी गेल्यावर मी बघते यांच्याकडे!"

सिस्टरनी ठसठशीत अक्षरात 'विका' लिहिलं आणि खाली सही केली. कॉलनीत आधी चुळबुळ झाली आणि मग कुणीतरी त्यासाठीही टाळी वाजवली. जावयाचा चेहरा लाल झाला, पण तोही हसायला लागला.

थोड्या वेळाने सचिव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांनी हातातल्या बेरजेवरून बोट फिरवलं. "मॅडम, शंभरातली पंचवीसच्या वर मतं विरोधात गेली, ठराव पडला. आता बाकीच्यांना विचारायची गरज नाही."

ही बातमी खिडकीतून बाहेर गेली आणि भोंग्याने जो आवाज काढला, तो खऱ्या भोंग्यालाही कधी जमला नसता. चौकटी हवेत उंच झाल्या. सुतार सुनेसमोर चक्क नाचला.

"रांग संपली नाही अजून," सिस्टर म्हणाल्या. "पुढचा!"

शेवटच्या माणसाचंही मत झालं. अध्यक्षांनी सुस्कारा टाकला. "झालं ना आता?"

"एक राहिलाय."

त्या खिडकीपाशी गेल्या. पुकारायची सवय जन्माची, त्यामुळे तोंडातून नाव आपोआप निघालं.

"वकील!"

बाहेरचा गोंधळ एकदम थांबला. बायकांनी पदर तोंडाशी नेले. मग भोंगा बोलला, आणि त्याचा एवढा हळू आवाज कॉलनीने कधी ऐकला नव्हता.

"सिस्टर, तो असता ना, तर 'विका' म्हणाला असता. तुम्ही 'ठेवा' म्हणताय म्हणून."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्याला खरंच विकायची वेळ आली असती तर त्याने तो शेअर जीव गेला तरी दिला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दर रविवारी, त्या आंघोळीला गेल्या की तो ती काच गुपचूप पुसायचा. पण मत विचारलं असतं तर भर सभेत, कॉलर ताठ करून, तो 'विका'च म्हणाला असता.

त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठीवर 'विका' लिहिलं आणि सही केली.

सचिवांनी चिठ्ठी वाचली. "मॅडम, ही तर तुमच्याच विरोधात जातेय."

"जाऊ द्या," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या घरात असंच असायचं."

सचिवांनी ती चिठ्ठी जावयाच्या चिठ्ठीवर ठेवली.