पाकळीचं नाणं

सकाळी अंघोळ झाल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. व्रत जुनं आहे, घराच्या अंगवळणी पडलेलं आहे. सून हाक मारण्याऐवजी समोर येऊन उभी राहते, आणि आमचे हे म्हणतात, "सकाळची वेळ माझी. वाद घालायला समोर कुणी नाही."

त्या दिवशीही असंच काहीतरी पुटपुटत हे मधल्या खोलीत चादर अंथरून बसले होते. चादरीवर नाणी. ह्यांना नाद विचित्र नाण्यांचा. काचेचं, चिनीमातीचं, बांबूचं, कोळसा दाबून केलेलं, अंधारात हिरवं चमकणारं, आकाशातून पडलेल्या दगडाचा कण बसवलेलं. कुठल्या कुठल्या टांकसाळींनी निव्वळ हौसेखातर पाडलेली. त्या नाण्यांनी कधी कुणी काडेपेटीसुद्धा विकत घेतली नसेल. दुपारी ह्यांचा अदलाबदली करणारा मित्र यायचा होता, म्हणून सगळे ट्रे रिकामे करून, हातात पांढरे मोजे घालून, हे एकेक नाणं कडेने धरून पुसत होते. नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. माझ्या मौनापेक्षा कडक.

आमची नात भिंगरी ह्यांच्या पाठीला टेकून बसली होती. नुकतं चौथं लागलेलं, एका जागी ठरायची नाही म्हणून ते नाव.

"आजोबा, हे खायचं?"

"नाही."

"हे?"

"नाही गं बाई, ह्यातलं काहीच खायचं नसतं."

"मग आणलं कशाला?"

मी दारात वाटाणे सोलत बसले होते. हसू दाबायला मान खाली घातली, तेवढ्यात तो आवाज आला. ठसका नव्हे. दार अडकल्यावर करकरतं तसा काहीतरी. वर पाहिलं तर भिंगरीचे डोळे मोठे झालेले आणि दोन्ही हात गळ्याशी.

वाटाणे कुठे गेले, माहीत नाही. मी तिला मांडीवर पालथी टाकली आणि पाठीवर तळहाताने थापट्या मारत सुटले. हे धडपडून उठले, पाय चादरीत गुंतला, नाणी चौफेर उधळली. सून स्वयंपाकघरातून धावत आली. एव्हाना पोरीला श्वास आला होता. रडली. रडली म्हणून आम्ही सगळे जगलो.

"काय गिळलंस? सांग आईला, काय गिळलंस?"

"नाणं," भिंगरी म्हणाली आणि पुन्हा गळा धरला.

सुनेने ह्यांच्याकडे पाहिलं. "कुठलं, बाबा?"

हे कपाटाखाली, पलंगाखाली, सगळीकडे बघत होते. 

"हिचा बाप रात्रपाळीवरून अजून आला नाही," एवढंच कसंबसं बोलले, जणू त्याचा ह्यात काही संबंध होता.

"तुम्ही येऊच नका," सून म्हणाली. "सांभाळा तुमची खेळणी."

टॅक्सीत मी पोरीला उभी धरून बसले होते. मनातल्या मनात जप चालला होता, पण आकडा चुकत होता, आणि मी पुन्हा पहिल्यापासून धरत होते.

इस्पितळातली डॉक्टरीणबाई तरुण, कामाला चटपटीत. सुनेने एका दमात सांगितलं, "नाणं गिळलंय." लगेच फोटो काढायला नेलं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईने तो उजेडात धरून आम्हाला दाखवला. बरगड्या, मणका, इवलंसं काळीज. बाकी काही नाही.

"नाणं असतं तर इथे पांढरं ठसठशीत गोल दिसलं असतं. मानेपासून पोटापर्यंत कुठेच नाहीये. गिळलंच नसेल, किंवा ठसक्याबरोबर बाहेर पडलं असेल. घसा जरा खरचटलाय. घोटभर पाणी पाजून बघा, नीट प्यायली की घरी न्या."

सून मटकन बाकावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. "आई, ही बया मोठेपणी नाटकात जाणार बघा! सगळ्यांना कामाला लावलं." पेला तोंडाशी नेत म्हणाली, "पी, माझे आई."

भिंगरीने घोट घेतला. थांबली. मग ते पाणी तसंच, लाळेच्या तारेसकट, हनुवटीवरून खाली आलं.

"इथल्या पाण्याला औषधाचा वास येतोय, म्हणून नाही पीत," सून म्हणाली आणि पुन्हा पेला पुढे केला. पुन्हा तेच. फ्रॉकचा गळा भिजला होता. मी बोट लावून पाहिलं, तो पाण्याने नव्हे, लाळेने चिकट झाला होता. टॅक्सीतही माझा खांदा ओला झाला होता, ते आता आठवलं. पोरीला स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नव्हती.

"थांब," मी म्हणाले. "पाणी देऊ नकोस."

सून दचकली. ह्या वेळी तिने माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. तिने गुपचूप पेला खाली ठेवला.

"ह्यांना फोन लाव."

पहिल्याच घंटीला हे बोलले. "कशी आहे गं?" मी "अहो" म्हटलं तेव्हा उमजून, "तू बोलतेयस?"

"नाणी जागच्या जागी लावा. कुठली जागा रिकामी राहते ते सांगा."

"अगं, तेच तर करतोय मघापासून. सगळी घरभर पसरलीत." ट्रेवर टकटक ऐकू येत होती. "चिनीमातीचं आहे. बांबूचं... आहे. काचेचं पलंगाखाली सापडलं. निळं टायटॅनियम, आहे. कोळसा आहे. दगडाचा कण... थांब, थांब... आहे."

"पुढे."

"गिटारसारखं, आहे. अंधारात चमकणारं..." कुठलीशी खुर्ची सरकली. "आहे."

सून माझ्या कानाला कान लावून उभी होती. तिचा श्वास माझ्या गालावर लागत होता. भिंगरी मांडीवर निपचित, जिने आयुष्यात एक क्षण निपचित राहून दाखवलं नव्हतं.

पलीकडची टकटक थांबली.

"अहो?"

"पाकळीचं नाही."

"कसलं ते?"

"गुलाबी... आरपार दिसणारं. आत खरी पाकळी आहे." ह्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "प्लास्टिकचं आहे गं ते. गोळीसारखंच दिसतं."

मी फोन सुनेच्या हातात कोंबला आणि पोरीला घेऊन निघाले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या कुणाला तपासत होती.

"बाई, ते प्लास्टिकचं आहे. ते फोटोत दिसेल का?"

ती वळली. "प्लास्टिक? मला तर नाणं सांगितलंत तुम्ही!"

"नाणंच आहे हो ते."

क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंगरीच्या भिजलेल्या गळ्याकडे. पुढे एक शब्द वाया घालवला नाही. "नाही दिसणार. अन्ननलिकेत अडकलं असेल. भूल देऊन, दुर्बीण घालून काढावं लागेल, आत्ताच. सकाळपासून काय खाल्लंय हिने?"

दार बंद झालं. आम्ही दोघी बाहेर. सून माझा पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी जप धरला नाही. नुसती बसून राहिले, दाराच्या फटीकडे बघत. आतून कुणाची पावलं झाली की दोघींची मान एकदम वर व्हायची.

हे पोहोचले ते घामाने निथळत, एका पायात चप्पल, एका पायात बूट. हातांत अजून ते पांढरे मोजे. सून थोडी सरकली, जागा करून दिली. हे बसले नाहीत.

दार उघडलं.

"निघालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पोरगी ठीक आहे. जागी होतेय. अजून वेळ गेला असता तर घसा आतून चांगलाच सोलवटला असता." तिच्या हातात स्टीलची वाटी होती. तळाशी ते गुलाबी नाणं. आतली पाकळी जशीच्या तशी. "हे तुमचं ना, आजोबा?"

ह्यांनी मोजे काढले, खिशात कोंबले. उघड्या बोटांनी नाणं उचललं, मूठ मिटली आणि विचारलं, "आत जाऊ का मी?"

भिंगरी पलंगावर डोळे किलकिले करून पडली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजोबा, गोळी कडू होती."

"होती ना?" हे म्हणाले. मूठ तिच्या पायाशी टेकवून उभे राहिले, आणि आतल्या आत अंगठा त्या नाण्याच्या तोंडावरून फिरत राहिला, वर, खाली, पुन्हा वर.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. मी पोरीच्या ओल्या केसांवर हात ठेवला आणि तिच्याशी बोलत बसले.