गेट साफ

शिवराम मारारचा डावा डोळा केव्हाच गेला होता आणि उजव्यानं आता जेमतेम दिसत होतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, पण मारारनं ते घरातसुद्धा कळू दिलं नव्हतं. चौतीस वर्षं कॅमेरा चालवला, नऊ चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले; पण डोळे गेलेल्या कॅमेरामनला ठेवतो कोण? निर्माता इट्टूपच्या कानावर गेलं असतं, तर हा दहावा चित्रपट त्याच्या हातून काढून घेतला असता. माणूस कामाला पक्का, पण हट्टी, आणि हट्टाला तो तत्त्व म्हणायचा.

त्या दिवशी केरळात आलप्पुळ्याजवळ काथ्याच्या अंगणात चित्रीकरण होतं. बायका नारळाची कुजवलेली सोडणं कुटत होत्या, हवेत भुसा उडत होता. चित्रपटातल्या आईचं काम कार्त्यायनीकडे होतं. तिच्या पोटात गाठ होती, आणि इस्पितळानं तिला एकाच दिवसासाठी सोडलं होतं.

"चेची, दमलीस?" मारारनं विचारलं. थोरली बहीण मानून तो तिला चेची म्हणायचा.

"पहिल्या चित्रपटात चार तास उन्हात उभी केलीस, तेव्हा नाही विचारलंस. लाव तुझं यंत्र."

मुलगा होडीत बसून निघून जातो आणि आई नुसती बघत राहते, एवढाच शॉट होता. कार्त्यायनीनं काहीच केलं नाही, फक्त बघितलं. सोडणं कुटणाऱ्या बायकांचे हात थांबले, एकीनं पदर तोंडाला लावला. पहिल्याच खेपेला शॉट झाला.

आता राहिलं गेट बघणं. कॅमेऱ्यात फिल्म ज्या बारक्या चौकटीतून सरकते, तिथे एखादा तंतू अडकला तर पडद्यावर तो दोरखंडाएवढा दिसतो. म्हणून शॉट झाला की भिंग काढून, बॅटरी मारून बघायचं, आणि 'साफ' म्हटल्याशिवाय नटानं जागा सोडायची नाही. हे बघणं मारारनं आजवर कुणावर सोडलं नव्हतं.

"आशान, भुसा फार उडतोय. मी पण एकदा बघू?" दामोदरन म्हणाला. सतरा वर्षं तो मारारचा सहायक होता आणि त्याला आशान, म्हणजे गुरुजी, म्हणायचा.

"का? माझे डोळे फुटलेत?"

दामोदरननं बॅटरी पुढे केली. मारारनं वाकून पाहिलं. चौकटीत नुसता पिवळा उजेड होता, कडा कुठे संपतात तेही कळेना. खरं तर दामोदरनच्या हातात बॅटरी द्यायची होती. नाहीतर आणखी एक शॉट मागायचा होता. पण का, असं कुणी विचारलं असतं तर? पलीकडे कार्त्यायनी पोट दाबून बसली होती.

"गेट साफ," तो म्हणाला, आणि तिला गाडीत बसवलं.

फिल्म मद्रासला धुवायला गेली. गुरुवारी कार्त्यायनी वारली. तिच्या चितेजवळ मारार फार रडला, आणि एकच गोष्ट मनाशी धरून परतला, की तो शॉट आपल्याकडे आहे.

सोमवारी दुपारी मद्रासच्या प्रयोगशाळेत सगळे फिल्म बघायला बसले. पडद्यावर कार्त्यायनी आली, होडीकडे बघत राहिली. मारारला हुंदका आवरेना. शॉट संपून दिवे लागले.

"गेट कुणी बघितलं होतं?" इट्टूपनं विचारलं.

"मी," दामोदरन म्हणाला. "माझी चूक झाली, मालक. मला काढून टाका."

"कसली चूक?" मारार वळून म्हणाला. "आणि गेट तू कधी बघितलंस? मी बघितलं. शॉट तर स्वच्छ आहे."

इट्टूपनं मान खाली घातली. दामोदरननं मारारच्या खांद्यावर हात ठेवला. सतरा वर्षांत असं धाडस त्यानं कधी केलं नव्हतं.

"आशान, काथ्याचा तंतू आहे. चेचीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. सबंध शॉटभर."



"पुन्हा लावा," मारार म्हणाला.

पुन्हा अंधार झाला, पुन्हा कार्त्यायनी आली. मारार उठून पडद्यापाशी गेला, अगदी नाक लागेल इतका जवळ. त्याला तिचा चेहरा साफच दिसत होता.