तीन, सात, बारा

मनकर्णाबाई भांडायला आल्या नव्हत्या, आणि नीळकंठ सरांना तेच जास्त लागलं.

"आठ दिवसाचं पाणी गेलं ना सर माह्यं," त्या पायरीवर टेकत म्हणाल्या. "फलकावर तीन, चार, पाच लिहेल होतं. मी म्हटलं, आपला सात नंबर काही आज नाही. त गेली पोरीकडे मलकापूरले. आली त शेजारीण सांगते, नळ येऊन गेला."

"मी तीन, सात, बारा लिहिलं होतं," सर म्हणाले.

"असन. पण वय होते सर. मी त परवा भाजीत मिठाच्या जागी साखर टाकली."

सरांनी त्यांना दोन हंडे आपल्या टाकीतून न्यायला सांगितलं. त्या गेल्यावर आत येऊन त्यांनी कॉम्प्युटर उघडला. मनकर्णाबाई म्हणाल्या तेच खरं होतं. 'उद्या पुढील वॉर्डांत नळ येतील' आणि खाली एकाखाली एक: तीन, चार, पाच. चार आणि पाच नंबरवाल्यांनी सकाळपासून नळाखाली ड्रम लावून ठेवले असतील. सात आणि बारावाले आपापल्या कामाला गेले असतील.

'गावफलक' ही नांदुऱ्याची वेबसाइट शंतनुने दोन वर्षांपूर्वी काढली. शंतनु पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. संध्याकाळी मोकळा असतो. नळाच्या पाळ्या, वीज बंदच्या वेळा, शिबिरं, हरवलं-सापडलं, कुणाच्या दहाव्याची वेळ असं सगळं फलकावर येतं. लिहिणारी माणसं चौदा. नळाची सूचना मात्र पहिल्या दिवसापासून नीळकंठ सरांकडे, कारण एकतीस वर्षं स्टेशन रोडवर टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलेल्या माणसाच्या हातून आकडा चुकणार नाही, हे गावाने गृहीत धरलं होतं.

सरांनीही ते गृहीत धरलं होतं. इन्स्टिट्यूटमध्ये एखादी मुलगी म्हणाली, "सर, मी ह दाबला होता, मशीनने क उमटवला," की ते शांतपणे कागद तिच्यापुढे ठेवायचे. मशीनला स्वतःचं मत नसतं, ते म्हणायचे. जी कळ दाबली ती उमटते. हे वाक्य त्यांनी हजारो पोरांना ऐकवलं होतं आणि आता तेच त्यांच्यावर उलटलं होतं. पडद्यावर चार दिसतंय, म्हणजे आपल्या बोटाने चार दाबलं. सात दाबल्याचं नुसतं आठवतंय.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी डोळे तपासणीच्या शिबिरासाठी राखीव टोकनांचे नंबर त्यांनी टाकले होते: एकवीस, चोवीस, तीस. फलकावर एकवीस, बावीस, तेवीस निघाले. शिबिरवाल्यांनी हसून सांभाळून घेतलं. सर हसले नाहीत. खामगावला त्यांचे थोरले भाऊ होते, त्यांचंही असंच आकड्यांपासून सुरू झालं होतं. आधी दूधवाल्याचे लिटर, मग घराचा नंबर, आणि शेवटच्या वर्षी ते सख्ख्या भावाला 'आपण कोण' असं विचारत. सर दोन आठवडे दर सकाळी दाढी करताना अकोल्यापासून भुसावळपर्यंतची स्टेशनं मनात म्हणून बघत होते. एकही सुटत नव्हतं. त्याने धीर येत नव्हता. भाऊही जुन्या गोष्टी बिनचूक सांगायचे.

बायकोला, स्नेहलताबाईंना, त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. दुपारी त्या आडव्या झाल्यावर सर टायपायला बसले. पत्र रीतसर होतं. प्रति, संयोजक, गावफलक. विषय : नळ-सूचनेच्या कामातून मुक्त करण्याबाबत. विषयाच्या खाली आडव्या रेघांची ओळ. मग एक ओळ मोकळी, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच जागा सोडून, 'वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या हातून अलीकडे आकड्यांच्या चुका होत असून...' पत्र त्यांनी तीनदा वाचलं, कार्यकर्त्यांच्या पानावर टाकलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

साडेपाचला शंतनु आला. चप्पल काढतानाच म्हणाला, "सर, हे काय लिहून राह्यले तुम्ही?"

"जे लिहिलंय ते स्पष्ट आहे."

"स्पष्ट कुठलं. 'प्रति'पासून 'विषया'पर्यंत सगळं बोटभर अक्षरात आलंय, लग्नाच्या कमानीवर असतं तसं. आणि खालचं पत्र एका करड्या चौकोनात, एकाच ओळीत. वाचायला मी फोन आडवा केला, तरी संपेना. सरकवून सरकवून शेवटी 'आपला विश्वासू' सापडलं." त्याने फोन पुढे केला.

सरांनी चष्मा लावून पाहिलं. पत्र खरोखरच कमानीसारखं सुरू होऊन पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेलं होतं.

"मी असं टायपलेलं नाही," ते म्हणाले, आणि म्हणतानाच थांबले. बोट चुकून सातच्या जागी चार पडू शकतं. पण बोट चुकून अक्षर बोटभर मोठं होत नाही.

शंतनु खाली सतरंजीवर बसला होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "सर, विषयाच्या खाली तुम्ही रेघा मारल्या का?"

"अधोरेखित करायला. नेहमीच मारतो."

"आणि परिच्छेदाला जागा सोडली?"

"पाच. ती सोडायचीच असते."

"आईपण सोडते," शंतनु म्हणाला. "तीनेक आठवड्यांपासून तिच्या भजनी मंडळाच्या सूचना या चौकोनात येऊन राह्यल्या. मी तिच्यावर चिडलो, म्हटलं तू नको ते बटण दाबते. ती तुमच्याकडेच शिकली ना टायपिंग."

"प्रेरणा. चाळीसचा वेग होता तिचा."

मग शंतनुने सांगितलं, आणि सरांनी त्याला दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावलं. महिन्यापूर्वी त्याने फलकाला मार्कडाऊन बसवलं होतं. साध्या मजकुरात थोड्या खुणा टाकायच्या आणि पानावर मथळे, ठळक अक्षरं, याद्या आपोआप तयार व्हायच्या. जगभर चालतं म्हणून त्याने तेच निवडलं, आणि चौदा जणांना खुणांचा एकेक कागद छापून दिला. त्या कागदावर नसलेल्याही खुणा त्या पद्धतीत होत्या. मजकुराखाली रेघा मारल्या की तो मथळा धरायचा. ओळीआधी चार किंवा जास्त जागा सोडल्या की ते यंत्रासाठी लिहिलेलं काही आहे असं समजून जसंच्या तसं चौकोनात ठेवायचं. आणि ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा, पुढे टिंब असं दिसलं की ती क्रमवार यादी.

"यादीचा पहिला आकडा ते मार्कडाऊन तुमचाच घेते," शंतनु म्हणाला. "पुढचे स्वतः मोजते. आतापर्यंत वॉर्ड ओळीनेच येत होते, म्हणून कोणाच्या ध्यानात नाही आलं."

"तीन, चार, पाच," सर पुटपुटले.

"थांबा. तुम्ही टायपलेला कच्चा मजकूर मी ठेवतो जपून." त्याने बुधवारची सूचना शोधली आणि फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. करड्या पडद्यावर, न सजवलेल्या अक्षरांत, आकडे होते तसे होते. तीन टिंब, सकाळी सहा ते सात. सात टिंब, सात ते आठ. बारा टिंब, आठ ते नऊ.

सरांनी ते तीनदा वाचलं. मग टोकनांची सूचना दाखवायला सांगितली. एकवीस, चोवीस, तीस. त्यांनी फोन मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत राहिले, स्वच्छ असूनही.

"माझी चूक झाली सर," शंतनु म्हणाला. "सगळ्यांना सांगतो, की आकड्यांपुढे टिंब देऊ नका, जागा सोडू नका. नवीन कागद छापतो."

"चौदापैकी माझ्याकडे शिकलेले किती?"

शंतनुने बोटांवर मोजलं. "नऊ. दहा, उकंडराव धरून."

"त्या दहा जणांच्या बोटांत पाच जागा मी सहा-सहा महिने बसवून घातल्यात. तुझ्या कागदाने निघायच्या नाहीत."

"पण सर, सारं जग तेच वापरते."

"सात नंबर वॉर्डात जगातले किती जण राहतात?"

शंतनु हसला. मग दोघं चांगला तासभर बसले. शंतनुने तीन मार्ग मांडले: आहे ते ठेवून सगळ्यांना नव्याने शिकवायचं, खुणा काढून बटणं द्यायची, किंवा खुणा कमी करायच्या. बटणं सरांनी नाकारली, कारण निम्मे लोक फोनवर लिहितात आणि त्यांना तीच नीट दाबता येत नाहीत. शेवटी जे ठरलं ते सरांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं. ओळ मोडली तिथेच मोडेल. सोडलेली जागा ही नुसती जागा. रेघा म्हणजे नुसत्या रेघा. ठळक करायचं तर शब्दाला दोन्हीकडे एकेक तारा, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे देतात तसा. आकड्याला कुणी हात लावायचा नाही.

"तक्ते, मथळे, सगळं जाईन," शंतनु जरा नाराजीने म्हणाला.

"महिनाभरात मथळा किती जणांनी वापरला?"

"मी एकट्याने." तो उठला. "पुढच्या बुधवारच्या आत बसवतो. आणि ते पत्र काढून टाकू ना?"

"काढ. आणि फलकावर खुलासा दे. आकडे वेबसाइटच्या पद्धतीमुळे बदलले, लिहिणाऱ्यामुळे नाही, असं लिही. मनकर्णाबाईंना मी स्वतः सांगेन."

तो गेल्यावर सर स्वयंपाकघरात गेले. स्नेहलताबाई भाकरी थापत होत्या. पाटावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, सात आणि चार, टोकन, खामगावचे भाऊ, दोन आठवड्यांची भीती. सांगताना आपण भराभर बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, पण थांबावंसं वाटलं नाही.

स्नेहलताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग दुसरी थापायला न घेता हात धुतले.

"शनिवारी आपण अकोल्याला जाणार होतो," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांसाठी."

"हो. मग?"

"ते डॉक्टर गुडघ्यांचे नाहीत हो."

"मेंदूचे?" सरांनी विचारलं. त्यांनी पदराला हात पुसले, फळीवरचा फोन घेतला आणि नंबर लावला. पलीकडून कुणीतरी नाव विचारलं, मग वेळ का रद्द करता ते विचारलं.

"पेशंट बरा आहे," स्नेहलताबाई म्हणाल्या, आणि गॅस बारीक केला.