वळचणीची काडी

पंढरीनं वस्तरा गालावरून खाली ओढला आणि हात थांबवला. आवाज आला होता. खर्र.

त्यानं पातं उन्हात धरून पाहिलं. साबणाच्या फेसात चार-दोन काळे ठिपके होते. गोपीनाथ डोळे मिटून बसला होता, पण पापण्या हलत होत्या.

कोलशेतच्या मिठागराच्या बांधावर दर बुधवारी दाढ्या होत. मीठ ओढणारे गडी रांगेनं उकिडवे बसत आणि पंढरी न्हावी एकेकाच्या गालावर हात चालवता चालवता तोंडही चालवी. गोपीनाथचं लग्न झाल्यापासून पंढरी त्याचीही दाढी करत होता. म्हणजे फेस लावत होता आणि फेस पुसत होता. मधल्या वेळात वस्तरा लोण्यावरून फिरावा तसा फिरे. थापा मात्र याच गालावर सगळ्यांत मोठ्या.

"दाढी हाय का बाभळीचं रान! गेल्या बुधवारी एक केस उडाला, तो खाडीपल्याड एका म्हशीला रुतला. बिचारी अजून लंगडते."

गडी हसत. हसणारा माणूस पुढं वाकून दुसऱ्याचा गाल बघत नाही, हे पंढरीला पक्कं ठाऊक होतं. या गोष्टीबद्दल त्या दोघांत आजवर एक शब्दही झाला नव्हता.

आज थाप सुचेना. त्यानं दुसऱ्या गालाला वस्तरा लावला. पुन्हा खर्र.

"पात्याला धार नाय आज," पंढरी मोठ्यानं म्हणाला. स्वतःच्या वस्तऱ्याला त्यानं जन्मात पहिल्यांदाच नावं ठेवली.

गोपीनाथनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

तसा तो गावात प्रसिद्ध होता तो बंडीसाठी. वैशाखातल्या उन्हात मिठागरातले सगळे गडी उघडेबंब असत; गोपीनाथच्या अंगात मात्र जाड मांजरपाटाची बंडी, गळ्यापासून खालपर्यंत गाठी मारलेली. त्याची आई ठमाबाई सांगे, पोराच्या छातीवर देवीचं पाऊल उमटलंय, उघड्यावर दाखवायचं नाही असा नवस आहे. त्यात पंढरीनं भर घातली होती, की एकानं चोरून पाहिलं तर त्याचा एक डोळा गेला. तो माणूस कुठला विचारलं, तर पलीकडच्या गावचा.

खरी गोष्ट एवढीच होती, की बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलं त्या वर्षी गोपीनाथचे पाय बांबूसारखे वाढले आणि छाती पोरीसारखी भरली. ठमाबाईनं आधी बंडी शिवली. देवी मागनं आली.

दाढीत ही खर्र उगवण्याच्या काही महिने आधी, पावसाळा सरल्यावर, तो ठाण्याच्या डॉक्टरकडं गेला होता, तोही घोट्यावरच्या जखमेसाठी. मिठाच्या पाण्यात उभं राहून ती भरतच नव्हती. डॉक्टर तरुण होता. त्यानं जखम पाहिली, मग वर त्याच्या उंचीकडं, मग गालाकडं पाहिलं आणि बंडी काढायला सांगितलं. गोपीनाथनं देवीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, देवीला मी सांभाळून घेतो. मग त्यानं हात मोजले, पाय मोजले, लंगोटही सोडायला लावला. तेवढा वेळ गोपीनाथ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"असे नऊ पुरुष एका अमेरिकन डॉक्टरनं तपासले, त्यांच्याबद्दल लिहिलं," डॉक्टर हात धुता धुता म्हणाला. "कशामुळं होतं, ते अजून कुणालाच कळलेलं नाही. पुरुषाच्या शरीरात जो रस तयार व्हावा लागतो, तो तुमच्यात फार कमी होतो. तो आता सुईनं देता येतो."

"म्हंजे मी धावा."

"दहावे कसले! पुष्कळ असतील. बंड्या घालून बसलेत."

गोपीनाथनं गाठी मारायला सुरुवात केली होती.

"दाढी येईल," डॉक्टर म्हणाला, "अंगात जोर येईल, जखमही भरून येईल बहुतेक. छाती मात्र सुईनं जायची नाही. आणि मूल होणार नाही. हे बायकोला नीट सांगा. तिला कळायला हवं."

घरी येऊन त्यानं सगुणाला सांगितलं, पण दाढीपर्यंतच.

सगुणाला तेवढं पुरलं. घट्ट तेलाचं ते इंजेक्शन घेऊन तो लंगडत घरी आला, की ती गरम मिठाची पुरचुंडी करून कमरेला शेक देई. सासूला सांगितलं, जखमेची सुई आहे. जखम खरंच भरली. मग हनुवटीखाली खुंट आले. एका सकाळी सगुणानं त्याच्या गालावरून उलटा हात फिरवला आणि पदराआड हसली. गोपीनाथनं तिचा हात बाजूला केला आणि उगाच बैलाला पाणी पाजायला गेला. बैल नुकताच पाणी पिऊन बसला होता.

ठमाबाईला दाढी दिसायला वेळ लागला नाही.

"बगा, माजा पोर कसा बहरला," ती शेजारणीला म्हणाली, सगुणाला ऐकू जाईल अशी. "बी चांगलं हाय. जमीनच खारी."

मग आवडाबाई सुईण आली. तिनं सगुणाला आतल्या खोलीत निजवून पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. सगुणा ओरडली नाही. तोंडात पदराचा बोळा होता. गोपीनाथ ओटीवर दाराकडं पाठ करून बसला होता. नवी दाढी खाजत होती. तो खाजवत राहिला.

बिब्ब्यांनी काही झालं नाही. शिमगा सरला तशी ठमाबाईनं दिवा गावातली दुसरी मुलगी पाहून ठेवली आणि पंचांना बोलावलं.

अंगणात घोंगडी टाकली होती. सगुणाचा भाऊ धाकू खडवलीहून आला होता. बहिणीची पत्र्याची पेटी पायाशी घेऊन तो एका कडेला बसला होता. पंढरी पंचांच्या दाढ्या उरकून वस्तरा पुसत होता. थोरले पंच गुणाजी पाटील घसा खाकरून म्हणाले,

"सरकारनं दोन बायका करायला बंदी केली. काडीला बंदी नाय. चार मानसांसमोर काडी मोडायची, ती तिच्या वाटंनं, तू तुज्या."

"पण दोष माज्या भैनीचाच कशावरनं?" धाकू म्हणाला.

"पंढरीला इचार. का रं पंढरी? वस्तरा तुजा. मर्दाची दाढी हाय का नाय?"

पंढरीनं सगुणाकडं पाहिलं, गोपीनाथकडं पाहिलं.

"दाढी... हाय."

"हाय तं! अख्ख्या गावाला ठावं हाय. पल्याडची म्हस लंगडते अजून!"

सगळे हसले. पंढरीनं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या थापा आता गुणाजीच्या बाजूनं साक्षीला उभ्या होत्या. त्यानं तोंड मिटलं आणि पुसलेला वस्तरा पुन्हा पुसायला घेतला.

गुणाजीनं भाताच्या पेंढ्यातली एक काडी ओढून गोपीनाथच्या हातात दिली.

काडी ती केवढी! शेळीच्या शिंकेनंही मोडली असती. गोपीनाथ ती दोन बोटांत धरून उभा राहिला. सगुणा ओटीच्या खांबाला टेकली होती. लुगड्याची निरी जिथं खोचतात तिथं तिचा एक हात होता, कापड कातडीपासून किंचित दूर धरलेला. बिब्ब्यांना महिना उलटला तरी ती तसाच हात धरून वावरत होती.

गोपीनाथनं काडी दातांत धरली, हात मोकळे केले आणि बंडीची वरची गाठ सोडली.

"बाला, नको!" ठमाबाई धावली. "देवी कोपंल!"

"देवी नाय, आये," तो काडीच्या कडेनं बोलला. "कदीच नव्हती."

शेवटची गाठ सुटेना, ती त्यानं तोडली. बंडी खाली पडली. पंढरी सांगायचा तसा कुणाचा डोळा गेला नाही; उलट प्रत्येकानं आपले दोन्ही डोळे अंगणातल्या मातीत पुरले. सगुणा पुढं आली, बंडी उचलून तिनं त्याच्या छातीवर धरली. त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं. त्यानं तिचा हात खाली केला.

"डॉक्टर बोलला, मना पोर व्हनार नाय. दाढी सुईनं आली. पोर सुईनं येत नाय. हिचा दोष नाय."

ठमाबाई घरात गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पंच उठले. गुणाजी पाटलांच्या वहाणा समोरच होत्या, तरी ते बराच वेळ शोधत होते.

अंगण रिकामं झाल्यावर सगुणानं विचारलं, "कदी बोलला डॉक्टर?"

"पयल्याच दिशी."

"बिब्ब्याच्या आदी?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पंढरी तिथंच उभा होता, हत्यारांची धोपटी काखेत मारून, जायचं विसरून. गोपीनाथ जमिनीकडं बघत होता.

"आदी," तो म्हणाला.

त्यानं दातांतली काडी काढली. ओली झाली होती, चावली होती, पण मोडली नव्हती. ती त्यानं सगुणापुढं धरली. बाईनं काडी मोडायची चाल त्यांच्यात नव्हती. पण सांगायला पंच उरले नव्हते.

सगुणानं काडी घेतली. दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरली.

"चल बाय," धाकू पेटी उचलून म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. मग ओटीकडं गेली, चवडे उंचावले आणि काडी वळचणीला खोचू लागली. दोनदा हात पुरला नाही. गोपीनाथचा हात सहज पुरला असता. तो पुढं आला नाही. तिसऱ्यांदा काडी बसली. तिला हवी तेव्हा हाताला लागेल अशी.

"धाकू, पेटी आत ठेव," ती म्हणाली. "आजच्यापुरती."

त्यानंतरच्या बुधवारी गोपीनाथ मिठागराच्या बांधावर उघड्या अंगानं बसला. पंढरीनं त्याची दाढी केली. खर्र, खर्र, तेवढाच आवाज.

पुढं पंढरी गावोगाव सांगत असे, की त्या काडीला पालवी फुटली, आपण डोळ्यांनी पाहिली. थाप. काडी वाळकीच होती, आणि अख्खी. गोपीनाथला उंचीमुळं दारातून बाहेर पडताना रोज वाकावं लागे. वाकता वाकता तो वर बघून घेई.